सफरचंदाचा रस आणि लिंबाची वेळ

मागच्या नोंदीनंतर माझे सारे लक्ष एकाच प्रश्नाकडे लागले आहे: सफरचंदाचा रस तपकिरी पडू नये म्हणून लिंबू नेमके कधी घालावे. रस काढून झाल्यावर वरून लिंबू पिळण्याची पद्धत सर्रास दिसते, पण माझ्या मते ती उशिराची आहे.

सफरचंद चिरडले की पेशी फुटतात आणि त्यांतील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम ऑक्सिजनच्या साथीने पॉलिफिनॉल या फळातील नैसर्गिक संयुगांवर काम करू लागते. त्यातून तयार होणारी संयुगे एकमेकांना जोडली जाऊन तपकिरी रंग धरतात. लिंबाच्या आम्लतेमुळे हे एन्झाइम मंदावते आणि क जीवनसत्त्व त्या मधल्या संयुगांना पुन्हा मूळ रूपात आणते, परंतु रंग एकदा पक्का झाला की दोहोंचाही फारसा उपयोग होत नाही. म्हणून एकाच पेटीतील सफरचंदे दोन भागांत वाटली. एका भागाच्या रसात शेवटी लिंबू पिळले. दुसऱ्या भागात साल आणि बिया काढलेल्या लिंबाच्या फोडी सफरचंदाच्या फोडींबरोबर आळीपाळीने यंत्रात सोडल्या. पहिला रस कोऱ्या चहासारखा दिसत होता, तर दुसरा फिकट हिरवट-पिवळा राहिला आणि फ्रिजमध्ये ठेवल्यावरही त्याचा रंग बराच वेळ टिकला. फरक इतका स्पष्ट होता की आता मी दुसरी पद्धत सोडणार नाही.

यंत्राचाही यात वाटा आहे. माझा ज्यूसर मिनिटाला शंभराहून कमी फेरे घेणारा, दाबून रस काढणारा आहे. हजारो फेऱ्यांनी फिरणाऱ्या यंत्रात रसात हवा अधिक मिसळते आणि वर फेसाचा जाड थर येतो. पालकाची सुटी पाने मात्र या मंद यंत्रातही मळसूत्राभोवती गुंडाळली जातात. त्यांची घट्ट गुंडाळी करून मागून गाजराचा तुकडा ढकलला की चोथा इतका कोरडा बाहेर येतो की बोटांनी चुरगाळला तरी ओल लागत नाही.

संत्र्याबाबत एक सूचना. सालीखालचा पांढरा भाग आणि बिया रसात गेल्या, तर ताजा रस गोड लागतो, पण ठेवल्यावर कडवट होतो, कारण त्यांतील एक चवहीन घटक आम्लात हळूहळू लिमोनिन या कडू संयुगात बदलतो. म्हणून बिया काढण्याचा कंटाळा करू नये.

साठवणुकीत गाजराला वेगळी वागणूक द्यावी लागते. सफरचंद आणि संत्र्याच्या रसाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारणपणे 4 च्या आसपास किंवा त्याखाली असतो, तर गाजराच्या रसाचा 6 च्या जवळ असल्याने त्यात जिवाणूंना वाढायला अधिक वाव मिळतो. नुसत्या गाजराचा रस मी काढताक्षणीच पितो. इतर रस काठोकाठ भरलेल्या बाटलीत, 4 अंश सेल्सिअसच्या आत आणि तेही दुसऱ्या दिवसापर्यंतच ठेवतो. तळाशी गाळ बसून वर पातळ पाणी दिसले तर तो नासका समजू नये. बाटली हलवली की तो पुन्हा एकजीव होतो.

पुढचा प्रयोग बीटाचा. त्याला येणारा मातीचा वास जिओस्मिन या संयुगाचा असतो आणि ते आम्लात विघटित होते, त्यामुळे बीटाच्या फोडींनाही आधी लिंबाचा रस चोळून काही वेळ ठेवायचे आणि मगच त्या यंत्रात सोडायच्या, असे ठरवले आहे.