आजीचा गडवा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेतून फोन आला, तेव्हा पहिल्यांदा आठवला तो माझ्या आजीचा पितळी गडवा, म्हणजे तांब्या. 1986 च्या जुलैत मी तो पिशवीत घालून शाळेत नेला आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो ड्रॉइंगच्या कपाटातच राहिला. आजी दर आठ दिवसांनी विचारायची, "गडवा आणला काय वं?" मी म्हणायची, "अजून झाला नाही." तिला वाटायचं, शाळेत त्याला कल्हई करून राहिले की काय.

तेव्हा मी आठवीत होते आणि चित्र काढणं जवळजवळ सोडलं होतं. चौथीपर्यंत घरातली भिंत मोकळी ठेवली नव्हती. सहावी-सातवीत मात्र वही लपवायला लागले. झाड काढलं तर ते झाडासारखं दिसेना, माणसाचे हात काठीसारखे यायचे. आज मी काटोलच्या एका शाळेत कला शिकवते आणि दरवर्षी आठवीच्या वर्गात हेच पाहते. हात तोच असतो, डोळे मात्र मोठे झालेले असतात. आपण काढलेलं खोटं दिसायला लागतं आणि मूल म्हणतं, "मले ड्रॉइंग येत नाही." त्या वयात "मनातलं काढ, काहीही काढ" म्हणून भागत नाही, कारण मनातलं आहे तसं उतरत नाही हेच तर त्याचं दुःख असतं. त्याच्या हातात रीत द्यावी लागते. मला ती आपल्या शाळेत मिळाली, म्हणून हे लिहिते आहे.

ड्रॉइंगच्या सरांचं नाव लिहीत नाही. आम्ही त्यांना कधी नावानं हाक मारलीच नाही, ते "ड्रॉइंगचे सर"च होते, आणि वाचणाऱ्यांना ते बरोबर कळेल.

दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली. सरांनी उजवीकडच्या खिडक्यांना जुनी वर्तमानपत्रं चिकटवली होती, डावीकडची एकच खिडकी उघडी. उजेड एका बाजूनं आला पाहिजे, नाहीतर सावल्या एकमेकींत मिसळतात आणि शिकणाऱ्याला काही समजत नाही, हे त्याचं कारण. मधोमध स्टूल, त्यावर माझा गडवा, मागे मरून रंगाचं कापड, पुढे दोन वांगी. आम्ही चाळीस जणांनी तासभर काढलं. सर फिरून सगळे कागद पाहून आले आणि माझ्या बाकाजवळ थांबले.

"गडव्याचं बूड सरळ काढलं तू. का बरं?"

"सर, स्टूल सपाट आहे ना."

"म्हणजे तू डोळ्यानं नाही, डोक्यानं काढून राहिली."

मग त्यांनी माझ्या हातातली एक बांगडी मागितली. ती माझ्या डोळ्यांसमोर आडवी धरली, तर नुसती रेघ दिसली. थोडी खाली नेली, तर चपटं लंबवर्तुळ. आणखी खाली, तर ते फुगत गेलं. जमिनीजवळ नेली तेव्हा जवळजवळ गोल. "आता गडव्याचं तोंड आणि बूड पाहा. डोळ्याच्या रेषेपासून जास्त खाली काय आहे?" बूड. म्हणजे तोंडाची कडा चपटी आणि बुडाची कडा तिच्याहून फुगीर यायला हवी होती, आणि आम्ही चाळीसही जणांनी उलटं केलं होतं: तोंड चांगलं गोल काढलं, कारण गडव्याचं तोंड गोल असतं हे आम्हाला माहीत होतं, आणि बूड सरळ, कारण स्टूल सपाट असतं हेही माहीत होतं. मी खोडून बूड वळवलं आणि गडवा स्टुलावर बसला. अक्षरशः बसला. तोवर तो कागदावर चिकटवल्यासारखा दिसत होता. तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो.

त्या बांगडीच्या आधी सर काय करत, हे मला फार उशिरा कळलं. ते उभ्यानं कुणाचं चित्र तपासत नसत. आधी बाकाजवळ उकिडवे बसायचे, आपलं डोकं आमच्या डोक्याच्या उंचीला आणायचे, आमच्या जागेवरून गडव्याकडे पाहायचे, आणि मगच बोलायचे. उभ्या माणसाला तोंडाची कडा जास्त उघडी दिसते. तसं पाहून सांगितलं असतं तर ते सरांचं दिसणं झालं असतं, माझं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी कुणाच्या कागदावर पेन्सिल टेकवली नाही. समजावून द्यायचं तर खिशातला कागद काढून त्यावर काढायचे आणि तो कागद परत खिशात. माझ्या वहीतलं एकही बरं चित्र सरांच्या हाताचं नाही, याचं मला आज फार मोल वाटतं. मुलाचं चित्र स्वतः दुरुस्त करून प्रदर्शनात लावणारे शिक्षक मी पुढं पाहिले आणि त्या मुलांचे पडलेले चेहरेही पाहिले.

दोन महिने नुसती पेन्सिल चालली. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर अंगठा सरकवून माप: गडव्याच्या पोटाची रुंदी उंचीत किती वेळा बसते? कोपर वाकलं की माप गेलं. मग दोन वस्तूंच्या मधली रिकामी जागा. वांग्याचा देठ आणि गडव्याची कड यांच्यामध्ये जो तिरपा त्रिकोण दिसायचा, तो आधी काढायला लावत, कारण त्या त्रिकोणाला नाव नाही आणि डोक्याला त्याबद्दल काही माहीत नाही. तिथं पाहावंच लागतं. काही पालकांनी कुरकूर केली की दुसऱ्या वर्गातली मुलं रंगवायला लागली आणि आमची अजून रेघाच ओढताहेत. सर ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेन्सिल.

रंग आले तेव्हा पहिला नियम हा की काळी ट्यूब पेटीतून काढून घरी ठेवायची. गडव्याला आधी यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा पातळ हात, ओला असतानाच गडद बाजूला तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, आणि अगदी खोल सावलीत त्यातच थोडा निळा अल्ट्रामरीन. चकाकीची जागा कागद कोरा ठेवून सोडायची, पांढरा रंग लावून नंतर आणलेली चकाकी मेलेली दिसते. एके दिवशी मी गडव्याच्या पोटात खिडकी पाहिली. चार तावदानांची, फुगलेली, बोटाच्या पेराएवढी. आणि तिच्याखाली, जिथं पितळ काळपट दिसायला हवं तिथं, मागच्या कापडाचा लाल उजेड. पितळात लाल! मी सरांना हाक मारली. ते येऊन बसले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आहे. लाव." दोनच शब्द.

नागपूरच्या हवेचंही शिकावं लागलं. पावसाळ्यात वॉश, म्हणजे पाण्यानं पातळ केलेल्या रंगाचा हात, वाळता वाळत नाही, एकावर एक हात दिले की चिखल होतो. मार्चनंतर सकाळच्या शाळेतसुद्धा आकाशाचा वॉश अर्ध्यात वाळून कडा उमटते. म्हणून उन्हाळ्यात सर कागद दोन्ही बाजूंनी ओला करून फळीवर चिकटवायला लावत आणि बोर्ड थोडा तिरपा ठेवायला सांगत. आजही एप्रिलमध्ये मी तसंच करते.

रविवारी सकाळी सर आम्हाला बाहेर न्यायचे. गांधीसागर तलावाच्या काठावर, गांधी गेटसमोर, कधी स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटमध्ये. गांधी गेटच्या कमानीतून पलीकडचा रस्ता काढताना लोपबिंदू, म्हणजे दूर जाणाऱ्या रेषा जिथं एकत्र मिळताना दिसतात तो बिंदू, पहिल्यांदा समजला. पुस्तकातल्या रेल्वे रुळांनी तो मला कधी समजला नव्हता. मार्केटमधले हमाल पाच मिनिटंही एका जागी थांबायचे नाहीत, तर डोक्याच्या सात-साडेसात मापांएवढ्या उंचीचा माणूस वगैरे बाजूला ठेवून आधी पाठीचा बाक पकडा, असं सर म्हणत. पण मला सगळ्यात जास्त मिळालं ते महालातल्या चितार ओळीत. नवरात्राआधी तिथं देवीच्या मूर्ती चाललेल्या असत. आम्हाला रंगवलेल्या मूर्ती पाहायच्या होत्या. सरांनी नेलं ते मागे, जिथं बांबू आणि पेंढा सुतळीनं बांधून नुसता सांगाडा उभा होता. "हा हात इथून वळला, म्हणून वरची माती तशी वळणार." माणूस काढताना कपड्यापासून सुरुवात करायची माझी सवय त्या दिवशी सुटली.

एकदा वर्गातल्या एका मुलानं विचारलं, आताचे मोठे चित्रकार तर गोल आणि त्रिकोण काढतात, मग आम्ही गडवा का काढायचा? प्रश्न खरा होता. सरांनी चित्रकार सय्यद हैदर रझांचं सांगितलं. बिंदूसाठी जगभर ओळखले जाणारे रझा 1939 ते 1943 इथं आपल्या नागपुरात, नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, आणि सुरुवातीला त्यांनी जलरंगात निसर्गचित्रंच केली. लहानपणी गावच्या शाळेत त्यांचं लक्ष लागेना, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे पाहत बसायला लावलं होतं, हेही सांगितलं. मग म्हणाले, "तुला पुढं गोल काढायचा तर काढ. आधी हा गडवा पाहून घे."

चित्रकलेच्या सरकारी इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत माझी जागा खिडकीच्या थेट समोर आली. वस्तू उजेडाच्या आड, सगळं काळपट, घाटच दिसेना. पोटात गोळा आला. पण सर दर आठवड्याला आमच्या जागा बदलत. आवडीची जागा कुणालाच दोनदा मिळत नसे, आणि त्यावरून आम्ही किती भांडलो होतो! उजेडाच्या आड मी आधी तीनदा बसले होते. कडेनं सरकलेला उजेडाचा बारीक दोरा तेवढा सोडायचा, बाकी सगळं सावलीतल्या सावलीत शोधायचं, हे हाताला ठाऊक होतं. मला बी ग्रेड मिळाली. वस्तुचित्राचा पेपर मात्र मनासारखा झाला होता.

आता इंटरमिजिएटचे दहावीला वाढीव गुण मिळतात. गुण मिळोत, मुलांचं भलं होवो, पण त्यामुळं स्मरणचित्राचे, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राचे, तयार नमुने पाठ करून घ्यायची जी घाई सुरू झाली आहे, तिचा मला मनापासून त्रास होतो. बसस्टँड असा, बाजार असा, पतंग उडवणारी मुलं अशी. पन्नास कागदांवर एकच फुगेवाला. ज्या पोरांच्या घरासमोर संत्र्याचे बगीचे आहेत, ती पाठ केलेलं आंब्याचं झाड काढतात. मी वर्गात संत्री ठेवते. पहिल्या दिवशी सगळे नारिंगी ट्यूब पिळतात. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या झाडाच्या फळावर देठाजवळ हिरवी झाक असते, ती दिसायला दोन तास जातात. जाऊ देते.

आजी गेली, गडवा माझ्याकडे आला. दरवर्षी जुलैत तो शाळेत जातो, मागे मरून कापड, एक खिडकी उघडी. यंदा एका मुलीचं बूड मला फार चपटं वाटलं. गुडघे दुखत होते, म्हणून उभ्यानंच म्हटलं, "खालची कड अजून फुगीर कर."

तिनं गडव्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही उभ्यानं पाहून राहिल्या. इथं बसून पाहा ना."

मी बसले. तिचं बरोबर होतं.