नाल्यावरचे पातळीमापक: दोन नंबरच्या नोडचा आजार सापडला

सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीचाच आकडा असतो. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ मध्ये तो ५७ च्या वर गेला होता. पण सखल भागात पाणी शिरतं ते बऱ्याचदा नाल्यांतून, नदीच्या फुगवट्याने उलटं. म्हणूनच नाल्याकाठी चार नोड, म्हणजे पाण्याची पातळी मोजून रेडिओवरून कळवणारी बॅटरीवरची छोटी यंत्रं, बसवायचं ठरवलं.

त्यातला दोन नंबरचा दर तीन आठवड्यांनी गप्प व्हायचा. ईएसपी३२ हा त्याचा मेंदू, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, डीप स्लीपमध्ये (वीज वाचवणाऱ्या गाढ झोपेत) जातोय, लांबवर संदेश पाठवणारं लोरा रेडिओ मॉड्यूलही झोपतंय, तरी सेल रिकामा. कोड चार वेळा चाळला. शेवटी मल्टीमीटर लावला, तर काही काम नसतानाही ५ मिलिअँपिअर! बोर्डवरचा एएमएस१११७ रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप, एकटाच ते पीत होता. ३००० एमएएचच्या सेलला हे म्हणजे ६०० तास, जेमतेम पंचवीस दिवस. त्यात त्याला जेवढे व्होल्ट बाहेर द्यायचे त्यापेक्षा साधारण एक व्होल्ट आत जास्त लागतो, त्यामुळे सेल पुरता उतरायच्या आधीच नोड मान टाकतो. आता त्याच्या जागी एमसीपी१७०० हा रेग्युलेटर लावलाय. तो स्वतःसाठी दोन मायक्रोअँपिअरही घेत नाही. २५० मिलिअँपिअरच देतो, पण वायफाय बंद असल्याने भागतं. जुन्या बोर्डवर हे आधी तपासा, माझा महिना गेला.

दुसरी गोष्ट, रोज दुपारी नाल्याचं पाणी ९ सेंटिमीटरने चढलेलं दिसायचं. सेन्सर आवाज सोडतो आणि पाण्यावरून येणाऱ्या प्रतिध्वनीच्या वेळेवरून अंतर काढतो. पण आवाजाचा वेग दर अंशाला सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो आणि माझ्या कोडमध्ये २० अंशांचा ३४३ हाच आकडा कायम होता. ३८ अंशांत प्रतिध्वनी लवकर परततो, तीन मीटरवरचं पाणी जवळ भासतं. सेन्सरशेजारी सावलीत डीएस१८बी२० हा तापमापक लावून वेग त्यानुसार बदलला आणि तो उंचवटा गेला.

नोडचे संदेश गोळा करणाऱ्या गेटवेला एका काकूंनी चौथ्या मजल्याच्या गच्चीवर, टाकीशेजारी जागा दिली. पुरात वीज बंद होते, म्हणून त्याला १२ व्होल्टची बॅटरी जोडली. वायर ओढताना त्यांनी विचारलं, "गल्लीत पाणी यायच्या आधी तासभर तरी कळेल ना रे? गाडी काढायला तेवढं पुरे."

त्या तासासाठीच वेळापत्रक बदललं. एरवी अर्ध्या तासाने नोडचं एक पॅकेट (संदेश); लागोपाठ दोन मोजण्यांत पाणी ५ सेंटिमीटर चढलं, की दर पाच मिनिटांनी. रविवारी बादलीत पाणी ओतत हे तपासतोय.