काळ्या मातीत पाइप गाडताना

लातूरच्या कडेला, नव्या कॉलनीत घर बांधताना मी सगळ्यात जास्त वाद घातला तो चारीवरून. आमच्या मिस्त्रीमामांचं म्हणणं, नळाची लाइन आणि संडास-बाथरूमची लाइन एकाच चारीतून नेऊ, खोदाई वाचेल. "काय होत नाही सर, सगळे असंच करायलेत." मी अडून बसलो.

कारण साधं आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं. पाणी बंद झालं की रिकाम्या होणाऱ्या पाइपात ओढ तयार होते. एखादा सांधा झिरपत असला तर बाहेरचं घाण पाणी त्यातून आत खेचलं जातं आणि पुढच्या वेळी नळ आला की पहिल्या धारेबरोबर थेट हौदात पडतं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आमच्या गावानं पाहिलंय. भरलेला हौद नासला म्हणून उपसून टाकायचा, हे इथं कुणाला परवडणार? म्हणून पाण्याची चारी एका भिंतीकडून, सांडपाण्याची दुसऱ्या भिंतीकडून घेतली. एका जागी दोन्ही एकमेकींना ओलांडतात, तिथं पाण्याची लाइन वर ठेवली आणि त्या टप्प्यात सांधाच येऊ दिला नाही.

दुसरा प्रश्न मातीचा. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्या पोटात नुसता पाइप ठेवला तर तो दरवर्षी हलतो, सांधे सुटतात, उतार बिघडतो. आम्ही मुरूम लागेपर्यंत खाली गेलो. तळाला चार इंच कच, म्हणजे दगडाची बारीक चुरी, त्यावर पाइप, बाजूंनी आणि वर पुन्हा कच, मग मुरूम. निघालेली ढेकळं परत चारीत टाकू दिली नाहीत. मुरमाचा जादा ट्रॅक्टर लागला, पण तो खर्च मला एकदाही खटकला नाही. जोत्यातून पाइप बाहेर येतो तिथं मोठ्या पाइपाचा तुकडा बसवून त्यातून लाइन काढली, म्हणजे भिंत बसली तरी पाइप मोडणार नाही.

सांडपाण्याचा पाइप ११० मिमीचा. जमिनीखालच्या लाइनसाठी आयएस १५३२८ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला पाइप लागतो. भिंतीवरून सांडपाणी-पावसाचं पाणी उतरवणारा एसडब्ल्यूआर पाइप वेगळा, खरेदी करताना छाप वाचूनच घ्यावा. उतार दर पाच फुटाला एक इंच. बाथरूमपासून सेप्टिक टँकपर्यंत चाळीस फूट, म्हणजे आठ इंच. लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून प्रत्येक पाइपाचा उतार तपासला. वळणावर चेंबर.

चारी बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून लाइन रात्रभर भरून ठेवली. सकाळी पाणी उतरलेलं होतं. एका सांध्यातली रबर रिंग पिळलेली निघाली. ती मातीखाली गेली असती तर कित्येक वर्षं कुणाला कळलं नसतं. पाण्याच्या लाइनला पंपानं दाब देऊन पाहिला, ती टिकली.

शोषखड्डाही मुरमातच नेला, कारण काळी माती पाणी पिता पिता लवकरच थांबते. बोअरपासून जितका लांब नेता आला तितका नेला.

बुजवण्याआधी टेप लावून फोटो काढले आणि भिंतीपासूनची अंतरं घराच्या नकाशावर लिहिली. पुढं गेटच्या खांबासाठी खड्डा घ्यायची वेळ आली, तेव्हा तो नकाशा पाहूनच मामांनी जागा दीड फूट सरकवली.