हरभऱ्याएवढी पृथ्वी, फाट्यापलीकडचा नेपच्यून

बहुतेक शाळांच्या भिंतीवर सूर्यमालेचा तक्ता असतो. पिवळाधमक सूर्य आणि त्याला खेटून ओळीनं उभे आठ ग्रह. जुना तक्ता असला तर नऊ, कारण 2006 साली प्लूटोला बटुग्रहांत टाकलं तरी तक्ता कोण बदलतो? मुलं नावं पाठ करतात, रिकाम्या जागा भरतात आणि विषय संपतो. मला या तक्त्याचा मनापासून राग येतो. सूर्यमालेत सगळ्यात जास्त जे आहे ते त्यात कुठंच नाही, ते म्हणजे मधली मोकळी जागा. कागदावर ती मावणारच नाही. मुलांना ती चालायलाच लावली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. आमच्याकडं भाताची सुगी आटोपली की त्याच रानात मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात, त्यामुळं ग्रहांचं सामान मुलांच्या घरातच असतं. पाऊस संपून रस्ते सुकले की आम्ही सूर्यमाला मांडतो.

सूर्याचा व्यास सुमारे 13 लाख 92 हजार किलोमीटर. तो एक मीटर धरायचा. शाळेच्या भिंतीवर दोरी आणि खडूनं एक मीटरचं वर्तुळ काढलं की सूर्य तयार. मग फळ्यावर भागाकार. पृथ्वी येते 9 मिलिमीटर, म्हणजे हरभरा. शुक्र तिच्याहून किंचित बारीक, तोही हरभराच. मंगळ 5 मिलिमीटर, मिरीचा दाणा. बुध साडेतीन मिलिमीटर, गावठी बारीक मसूर. गुरूला दहा सेंटिमीटरचा सोललेला नारळ लागतो, शनीला मोठा कांदा, युरेनस आणि नेपच्यूनला दोन लहान लिंबं.

या मोजामापीत मुलं किती रमतात ते बघण्यासारखं असतं. सहावीतली एक मुलगी मूठभर मसूर पुढ्यात ओतून एकेक दाणा पट्टीच्या कडेला लावत होती. चार मिलिमीटरचा आला की बाजूला, तीनचा आला तरी बाजूला. शेजारची म्हणाली, "घे की ओ कुठलाबी, कोण बघतंय?" तर ही म्हणाली, "बुध हाय तो. चुकला तर कसं?" आणि परत पट्टीवर वाकली.

चंद्रासाठी मोहरीचा दाणा. तो हरभऱ्यापासून एक वीत आणि वर चार बोटं एवढ्या अंतरावर चिकटवायचा. माणूस 1969 साली जिथं उतरला ती जागा ही. इथं मी मुलांना थोडं थांबवते, कारण पुढचं चालणं या वितेच्या हिशेबानंच कळतं.

एका मुलाचे वडील गवंडी आहेत, त्यांचा तीस मीटरचा टेप येतो. बुध 42 मीटरवर, शाळेच्या गेटाजवळ. शुक्र 78 मीटरवर, पाण्याच्या टाकीला. पृथ्वी 107 मीटरवर, मारुतीच्या देवळासमोर. तिथून मागं वळून बघितलं की भिंतीवरचं खडूचं वर्तुळ आकाशातल्या सूर्याएवढंच दिसतं. हे मी आधी सांगत नाही. कुणीतरी आपणहून ओरडतं, आणि मग सगळे एक डोळा मिटून, अंगठा पुढं धरून ताडून बघतात. सूर्याकडं मात्र थेट बघायचं नाही, ही ताकीद चार वेळा द्यावी लागते.

मग प्रकाशाचा खेळ. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला 8 मिनिटं 20 सेकंद लागतात. आमच्या रस्त्यावर तो वेग होतो सेकंदाला वीतभर. एक मुलगा भिंतीपासून निघतो, दर सेकंदाला वीतभर पाऊल, दुसरा घड्याळ धरून आकडे मोजतो. बाकीचे पहिली दोन मिनिटं हसतात, मग कंटाळतात, मग त्याच्याबरोबर चालायला लागतात आणि आपोआप पुढं निघून जातात. "बाई, आमी प्रकाशाच्या पुढं गेलो की ओ!" हो, गेले. या रस्त्यावर साधं चालणारं पोर प्रकाशाच्या पाच-सहा पट वेगानं जातं. जगात ज्याच्याहून वेगवान काही नाही, तो इतका रेंगाळावा एवढ्या या जागा मोठ्या आहेत. हे वर्गात बसून सांगितलं असतं तर एका कानातून गेलं असतं.

मंगळ 164 मीटरवर, पिठाच्या गिरणीजवळ. इथं मंगळयान सांगायचंच. 5 नोव्हेंबर 2013 ला निघालं, 24 सप्टेंबर 2014 ला मंगळाच्या कक्षेत शिरलं, आणि त्याचे संदेश आले ते आपल्याच राज्यात, बेंगळूरूजवळच्या ब्यालाळूच्या 32 मीटरच्या अँटेनावर. यातल्या निम्म्या मुलांचे दादा-काका बेंगळूरूला कामाला आहेत. त्यांचे डोळे लगेच मोठे होतात.

गिरणीनंतर लघुग्रहांचा पट्टा. पोरांना वाटतं आता दगडांची रास लागणार. पट्ट्यातले सगळे लघुग्रह गोळा केले तरी त्यांचं वस्तुमान आपल्या चंद्राच्या शंभरात तीन भाग भरतं. आमच्या मापात त्याची जेमतेम खसखस होते, आणि ती शंभरेक मीटर रुंदीच्या पट्ट्यात उधळलेली. तिथून काही न दिसता नुसतं चालत राहायचं. 560 मीटरवर गावाची कमान, तिथं नारळ.

शनी एक किलोमीटरवर, ओढ्याच्या पुलाजवळ. पुठ्ठ्याची कडी वीस सेंटिमीटर रुंद कापलेली असते, तीही मापानं. पण इथं कड्यांआधी वेगळाच प्रश्न येतो. "बाई, शनी वाईट काय ओ? आमच्या घरात साडेसाती हाय." या प्रश्नाला मी कधीच हसत नाही. त्या घरात आजी शनिवारी तेल घालते, काळजी खरी असते. मी पुलाच्या कठड्यावर खडूनं बारा घरं आखते. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत वाटली तर एका राशीला अडीच वर्षं, तीन राशींना साडेसात. तुझ्या घरातली साडेसाती म्हणजे हा कांदा एवढ्या लांबून सावकाश चाललाय, त्याच्या वाटेचा पाव भाग. देवळाला माझी ना नाही. पण ज्याची भीती वाटते तो किती लांब आहे आणि कसा फिरतो, हे पोराला ठाऊक असलंच पाहिजे. आमच्या डोळ्यांदेखत एकानं हा हिशेब कठड्यावर स्वतः पुन्हा करून बघितला आणि वहीत उतरवून घरी नेला.

कड्यांचंही सांगते. दर पंधराएक वर्षांनी ती आपल्याला अगदी धारेवर दिसतात आणि जवळजवळ नाहीशी होतात. 2025 च्या मार्चमध्ये तसं झालं होतं.

पुढं युरेनस दोन किलोमीटरच्या थोडं पलीकडं, मोटारसायकलच्या आकड्यावर मोजून फाट्याला ठेवलेला. नेपच्यून सव्वातीन किलोमीटरवर, शेजारच्या गावच्या बसथांब्याला. तिथं लिंबू ठेवताना गणिताला कंटाळणाऱ्यांकडं बघून मी सांगते: युरेनसची चाल चुकत होती, म्हणून ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञानं कागदावर हिशेब करून नव्या ग्रहाची जागा काढली, आणि 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनला गाले या खगोलशास्त्रज्ञानं दुर्बीण तिकडं वळवली तर तो जवळपास तिथंच होता.

"आणि याच्याम्होरं?" हा प्रश्न ठरलेला. 1977 ला निघालेलं व्हॉयेजर 1 हे अंतराळयान या मापात अठरा किलोमीटरवर पोचलंय. सगळ्यात जवळचा दुसरा तारा सुमारे 29 हजार किलोमीटरवर. बसथांब्यावरची माणसं आमच्या लिंबाकडं बघत असतात. मुलं त्यांनाच सूर्य कुठं आहे ते समजावतात, आणि गावाकडं जाणारी बस आली की सगळे तिच्यात घुसतात.

कुणाला करायचं असेल आणि रस्ता लहान असेल तर सूर्य अर्धा मीटर धरा. सगळी अंतरं निम्मी होतात, नेपच्यून 1 किलोमीटर 600 मीटरवर येतो, पृथ्वीला हरभऱ्याऐवजी मिरी लागते. ट्रॅक्टरांचा रस्ता टाळा, मोठ्या मुलांना पुढं-मागं ठेवा आणि पाण्याच्या बाटल्या विसरू नका. तक्ता काढून टाकायची गरज नाही. परत आल्यावर मुलांनाच विचारा त्यात काय चुकलंय.