गुरुवारी लाइट गेली, शुक्रवारी पगार अडले

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी सकाळी तिथल्या एका कारखान्यातून फोन आला: सॉफ्टवेअरमधून थेट बँकेला जाणारे पगार परत येताहेत, 'आयपी नोंदलेला नाही' म्हणून. (आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता; ही बँक आधी नोंदवलेल्या पत्त्यावरून आलेलेच पगार स्वीकारते.) बुधवारपर्यंत सगळं सुरळीत होतं.

गेल्यावर आधी राउटरचं स्टेटस पान उघडलं. वॅन आयपी, म्हणजे राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता, १००.७२ ने सुरू होणारा. ब्राउझरमध्ये दिसणारा बाहेरचा आयपी मात्र वेगळाच. १००.६४ ते १००.१२७ ही पट्टी सीजीनॅटसाठी राखीव आहे. म्हणजे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहक बसवलेले. आयपीव्ही४ चे, म्हणजे या चार आकड्यांच्या पद्धतीचे, पत्ते जेमतेम ४३० कोटी, त्यामुळे घरगुती प्लॅनवर हे सर्रास चालतं. आणि इथे स्वस्त पडतो म्हणून घरगुतीच प्लॅन घेतलेला!

"पण आठ महिने तोच आयपी होता की," अकाउंटंट म्हणाले. होता, कारण राउटर यूपीएसवर होता. गुरुवारी लाइट बराच वेळ गेली, बॅटरी उतरली, पीपीपीओई (राउटरचं युजरनेम देऊन होणारं इंटरनेट लॉगिन) पुन्हा जोडलं गेलं आणि बाहेरचा पत्ता बदलला. नवा पत्ता बँकेला कळवून भागलं नसतं. तो उद्या पुन्हा बदलेल, शिवाय त्याच पत्त्यावरचे अनोळखी ग्राहकही बँकेच्या यादीत बसतील. डीडीएनएसचाही (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सोय) उपयोग नाही, कारण ही बँक नाव घेत नाही, आकडेच मागते. (अकाउंटंटनी घाईत १९२.१६८.१.५० भरून अर्ज तयार ठेवला होता. तो ऑफिसातल्या पीसीचा पत्ता, बाहेर त्याला कोणी ओळखत नाही.)

बिझनेस प्लॅन आणि स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घेतला. तो पीपीपीओई युजरनेमला बांधलेला असतो, पण जुनं सेशन तुटल्याशिवाय लागू होत नाही. म्हणून राउटर बंद करून दहा मिनिटांनी चालू केला. वॅनवरचा आणि ब्राउझरमधला आकडा जुळला, तेव्हाच तो बँकेला पाठवला. पत्ता आता थेट इंटरनेटवर उघडा, म्हणून राउटरचं बाहेरून लॉगिन बंद केलं, पासवर्डही बदलला.

बँकेची मंजुरी येईपर्यंत पगार नेट बँकिंगवर फाइल चढवून केले.

राहिली बॅकअपची दुसरी इंटरनेट लाइन. मुख्य लाइन पडली की ट्रॅफिक तिकडे वळणार आणि बँक पुन्हा नकार देणार. तिच्यावरही स्टॅटिक घ्यायला मालक तयार नव्हते. मग राउटरमध्ये नियम टाकला: बँकेच्या सर्व्हरकडे जाणारं फक्त वॅन १ मधून, म्हणजे मुख्य लाइनमधून, ती बंद असेल तर थांबायचं.