फिरंग्यांचा कोट कशाला झाडतोस?

रेवदंड्याच्या कोटात, म्हणजे किल्ल्यात, श्रमदानाला माणसं बोलवायला गेलो की हा प्रश्न ठरलेला. "वसईला चिमाजी अप्पा ज्यांच्याशी लढले, त्यांचाच कोट झाडतोस?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांनी बांधला, कबूल. 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला, हे उत्तर मी कित्येक वर्षं देत आलो. आता मलाच ते लंगडं वाटतं. आला नसता, तर तट पडू दिला असता का? माझी आजी कोटातल्या वाडीत पोफळींना शिंपणं करायची. खाडीपलीकडे कोर्लईत काही घरांत आजही पोर्तुगीजातून घडलेली बोली बोलतात. परकं कुठून सुरू होतं, ते मला दाखवा.

पण मला खरा टोचतो तो दुसराच प्रश्न. तटालगतच्या एका पडक्या खोलीत आम्हाला फक्त झाडोरा तोडायची परवानगी होती. मुलं जोरात होती. मीच म्हटलं, माती पण काढू, फरशी दिसेल. दोन दिवस घमेली भरभरून माती तटाखाली ओतली. फरशी दिसली. फोटो काढले, वडापाव खाल्ले.

पुढच्या रविवारी पुरातत्त्व शिकणारी एक मुलगी आली. ढिगातून तिने निळ्या नक्षीची पांढरी खापरी उचलली, चिनी बनावटीची. "काका, ही कुठल्या थरात होती?" मला थर म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. तिने समजावलं: राख कुठे होती, पडलेला चुना तिच्या वर की खाली, खापरी कशासोबत होती, यावरून खोली कधी नांदती होती आणि कधी ओस पडली ते कळतं. आम्ही सगळं कालवून ठेवलं होतं. ती रागावली नाही. दुपारभर ढिगाशी बसून राहिली, आणि मी तिच्या शेजारी. एवढं लाजिरवाणं मला कधी वाटलं नव्हतं.

तेव्हापासून टिकाव बंद, फक्त कोयता. तटातली वडा-पिंपळाची मुळं उपटत नाही, कारण दगड आता त्यांनीच धरलेत. सिमेंट द्यायला येणाऱ्यांना परत पाठवतो. चुन्याच्या भिंतीतली ओल सिमेंटने कोंडते, मग खारं पाणी दगडाचे पापुद्रे काढतं. लोक चिडतात. नुसतं गवत कापून किल्ला वाचतो का, म्हणतात. वाचत नसेलही.

तो ढीग अजून तटाखालीच आहे. चाळायचा, की जाणत्या माणसांसाठी तसाच ठेवायचा, यावर दर पावसाळ्यानंतर आमचं भांडण होतं.