सॅकमधला चिवडा

नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब. एका काठानं समुद्रापर्यंत जायचं, दुसऱ्या काठानं उगमापर्यंत यायचं आणि पुन्हा पहिल्या काठानं निघालो तिथं पोचायचं. हिशेब २,६०० च्या वर जातो. रोज वीस चालले तरी एकशे तीस दिवस. हा भागाकार मी रात्री दोन वाजता करते. दिवसा कधीच नाही. दिवसा मला सगळं जमणार असतं.

निवृत्त झाल्यावर पायी परिक्रमा करायची, हे नोकरीत असतानाच ठरवलेलं. कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून निघायचं. तिकीट काढलं आणि पोटात गोळा आला. शेजारच्या काकूंनी तर सरळच विचारलं, "काहून जाऊन राहिली वो पैदल? बस जाते ना आता!"

जाते. त्यांना काय सांगणार?

धाकधुकीवर उपाय सांगणाऱ्यांची नागपुरात वाण नाही. सकाळच्या फिरण्यातल्या एका डॉक्टरांनी श्वास शिकवला. आत घेताना चार मोजायचे, सोडताना सहा, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात. याचा खरंच उपयोग होतो. पायांचीही तयारी झाली. सॅकमध्ये तुरीच्या डाळीची पाकिटं भरून फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सचा चढ चढले, रामटेकला गडाच्या पायऱ्या केल्या, आणि ऑक्टोबरचं आमचं ऊन तर फुकटच मिळालं. पाय कुरकुरायचे थांबले. गोळा होता तिथंच.

मग एका रात्री भीतीची नीट झडतीच घेतली. शूलपाणीच्या झाडीची आहे का? तिथले भिल्ल, ज्यांना 'मामा' म्हणतात, परिक्रमावासींना लुटून लंगोटीवर सोडायचे, अशा जुन्या गोष्टी कानावर असतात. पण त्या जुन्या वाटेचा मोठा भाग आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलाय, आणि अलीकडे जाऊन आलेले सांगतात की तिथं प्रेमानं जेवू घालतात. विमलेश्वरहून मिठी तलाईला नावेतून समुद्र ओलांडायचा, त्याची? तीही नाही. नाव हाकणारा मी थोडीच.

जेवणाशी आल्यावर मात्र छातीत धडधडलं. परिक्रमेत नदी ओलांडायची नाही, ती कायम उजव्या हाताला ठेवायची, हे नियम सोपे. पण जुन्या रिवाजाप्रमाणे पैसेही बाळगायचे नाहीत. दारात उभं राहून 'नर्मदे हर' म्हणायचं आणि कोणी सदाव्रत देईल, पीठ, डाळ, मीठ, जे असेल ते घ्यायचं. माझ्या दारातून कोणी चहाशिवाय गेला नाही याचा मला गर्व आहे, नागपूरच्या बाईला तो असतोच. दुसऱ्याच्या घरी गेले की मात्र माझं वाक्य ठरलेलं, "नको हो, आत्ताच जेवून आले." पोटात कावळे ओरडत असले तरी.

चालायची तालीम सगळे सांगतात. घ्यायची तालीम कुठं करायची?

दसऱ्याला दीक्षाभूमीकडच्या रस्त्यावर आमच्या ऑफिसची मंडळी भोजनदानाचा स्टॉल लावतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथं धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून गावोगावचे लोक येतात, लाखांनी येतात, आणि रस्ताभर पंगती चालू असतात. मी आजवर कायम भांड्यामागं, हातात डाव. यंदा वंदन करून आले आणि पुढच्या एका स्टॉलसमोर रांगेत लागले. तेवढ्यात आमच्यातल्या एकानं पाहिलंच. "मॅडम, तुम्ही तिकडं काय करून राहिल्या? इकडं या ना!" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

माझ्यापुढं पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी होती, यवतमाळकडची, सोबत नात. तिनं पत्रावळ पुढं केली, "जय भीम" म्हणाली, भाजी बघितली आणि वाढणाऱ्या पोराला म्हणाली, "रस्सा दे ना बापा अजून. अन् हिलेबी वाढ." मागताना ओशाळणं नाही की आभाराचं लोढणं नाही. त्या पोराचा चेहरा असा खुलला की त्यानं न मागता दोन पुऱ्या जास्त टाकल्या. इतकी वर्षं मीही त्याच जागी उभी होते. मला तरी कोण आवडायचं? 'अजून दे' म्हणणारेच. 'नको, नको, पुरे' करत पत्रावळीवर हात आडवा धरणाऱ्यांचा वाढताना कंटाळाच यायचा. आणि मी स्वतः जन्मभर त्या हात आडवा धरणाऱ्यांतली.

माझी पाळी आली. "थोडंच," मी म्हणाले. जीभ सवयीनंच वळली. मग नेट लावून म्हटलं, "रस्सा दे अजून." पोरानं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही, वाढून मोकळा झाला. इतकंच असतं होय ते!

हल्ली रात्री दोनला जाग येतेच, पण किलोमीटर मोजत नाही. 'अजून वाढा हो' हे वाक्य मनातल्या मनात म्हणून बघते. कधी आज्ञेसारखं होतं, कधी रडवेलं. जमेल.

काल सॅक रिकामी केली. काकूंचा चिवडा, बहिणीचे लाडू, नणंदेच्या शंकरपाळ्या, सगळं मिळून एक तृतीयांश जागा. कोणाच्या दारात उभं राहायची वेळच येऊ नये म्हणून केलेली तजवीज होती ती. सगळं काढून घरी वाटून टाकलं. काकूंनी ऐकलं, त्या दोन दिवस बोलणार नाहीत.

संत्रा बर्फीचा डबा मात्र आत ठेवलाय. सुनेनं विचारलं, "हा कशाला, आई?"

"पहिल्यांदा जे जेवू घालतील ना, त्यांना द्यायला."

"म्हणजे रिकाम्या हातानं तुम्ही जाणारच नाही," ती म्हणाली आणि तिनं डबा उचलून वजनकाट्यावर ठेवला. अर्धा किलो. तेवढा राहू दे.